क, म, ब: तीन राजांच्या सणापासून धर्मग्रामाचं नवं वर्ष कसं मांडावं

३१ डिसेंबर २०२६ ला गुरुवार आहे, १ जानेवारीला शुक्रवार आणि तीन राजांचा सण ३ जानेवारीच्या रविवारी. म्हणजे वर्ष संपल्याची आभारप्रार्थना, देवमाता मरियेचा सोहळा आणि प्रभूचं प्रकटीकरण (तीन राजांच्या सणाचंच दुसरं नाव; बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेचे ज्ञानी लोक म्हणजे हे राजे) हे सगळं जेमतेम चार दिवसांत उरकायचं आहे. गायकवृंदाचे घसे नाताळातच बसलेले, तरुण मंडळी ३१ च्या रात्री जागलेली. अशा वेळी बहुतेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या कुटुंबांत) एकाच सणाचा बळी जातो, आणि तो म्हणजे तीन राजांचा. नेहमीच्या रविवारसारखी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते, नाताळच्या गोठ्यात तीन मूर्ती सरकवल्या जातात आणि लोक पोहे-जिलेबी खाऊन घरी जातात.

खरं तर हाच सण वर्षाची घडी बसवतो. वर्षभराच्या तारखा याच दिवशी जाहीर होतात, घरं याच दिवसांत आशीर्वादित होतात आणि फादरांना दाराआडची माणसं भेटतात. त्यामुळे थोडी ताकद वाचवायचीच असेल तर ३१ च्या रात्रीच्या कार्यक्रमातून वाचवा, रविवारची कमी करू नका.

पुढची मांडणी इंदूरसारख्या शहरासाठी आहे. इथं उपासना बहुधा हिंदी-इंग्रजीत होते, मराठी कुटुंबं राजेंद्रनगर, सुदामानगर, विजयनगर अशी विखुरलेली असतात आणि एकाच बाकावर मल्याळी, गोवेकर, तमिळ आणि झारखंडची मंडळी बसलेली असतात. चर्चच्या हिंदी पत्रकावर या सणाचं नाव ‘प्रभु-प्रकाश’ असं दिसेल. सण तोच.

तारखांचा हिशोब

सणाची मूळ तारीख ६ जानेवारी. भारतात तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा होतो. त्याच्या पुढच्या रविवारी प्रभूचा बाप्तिस्मा येतो आणि तिथं नाताळकाळ संपतो. प्रकटीकरण ७ किंवा ८ तारखेला पडलं तर बाप्तिस्म्याचा सण लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी येतो. २०२९ मध्ये तसं होणार आहे. २०२७ साठी मात्र सरळ हिशोब: ३ जानेवारी आणि १० जानेवारी.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दरवर्षी यावरून घोळ होतो. उपासनेचं नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. म्हणजे जानेवारी २०२७ उजाडेल तेव्हा तीन वर्षांच्या वाचनचक्रातलं ‘ब’ वर्ष, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचं वर्ष, महिनाभर चालू असेल. जुन्या वर्षाची वाचनपुस्तिका डिसेंबरअखेरपर्यंत पुरवणाऱ्यांचा घोटाळा इथंच होतो.

डिसेंबरचा दुसरा आठवडा: याद्या आणि खरेदी

काम इथून सुरू करा. नाताळानंतर केलेली तयारी कधीच पुरत नाही.

पहिली यादी घरांची. धर्मग्रामाच्या नोंदवहीतली नावं आणि खरोखर राहणारी माणसं यांत फरक असतो, कारण इंदूरला नोकरीच्या बदल्या फार. प्रत्येक विभागातल्या एका माणसाकडे त्या भागातली नावं द्या आणि चार गोष्टी भरून घ्या: घर पहिल्या मजल्यावर की पाचव्या, घरात आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, कोणत्या भाषेत प्रार्थना हवी, आणि संध्याकाळी किती वाजता सगळे भेटतात. ज्यांनी स्वतःहून नाव दिलं त्यांच्याच घरी जा. शेजारच्या बिगरख्रिस्ती घरी केकची बशी जरूर पाठवा, प्रार्थनेचा आग्रह कोणालाच नको.

दुसरी यादी सामानाची. १२० कुटुंबांच्या धर्मग्रामासाठी साधारण असं लागेल: १०० कांड्यांचे साध्या पांढऱ्या खडूचे दोन डबे (घराच्या दारावर ‘क, म, ब’ ही आशीर्वादाची अक्षरं लिहायला), १५० कागदी पाकिटं, त्यात घालायला प्रार्थनेची एक पानी छापील घडी, ५० ग्रॅम ऊद, ५० ग्रॅम हिराबोळ, धूपदाणीच्या कोळशाच्या चकत्यांचं एक पुडकं, आणि पवित्र पाण्यासाठी पाव लिटरच्या दहा बाटल्या. खडूचे दोन डबे जास्त वाटतील, पण पाकिटात घालताना पाचात एक कांडी मोडते, आणि दाराशी उभं राहिल्यावर अर्धा तुकडा हातात येणं बरं दिसत नाही.

३१ ची रात्र आणि १ तारीख

रात्रीची मिस्सा १ जानेवारीच्या वाचनांनीच होते, वर्षअखेरची म्हणून वेगळी मिस्सा नसते. पहिलं वाचन गणना ६:२२-२७, अहरोननं लोकांना द्यायच्या आशीर्वादाचं. नव्या वर्षासाठी याहून नेमकं काही सापडणार नाही, म्हणून हे वाचन नवख्या माणसाला देऊ नका. मिस्सेच्या आधी अर्धा तास आराधना आणि शेवटी ‘ते देउम’ हे आभारगीत असा क्रम चांगला बसतो. ३१ ला ते सार्वजनिकरीत्या गाणाऱ्यांना आणि १ तारखेला पवित्र आत्म्याचं ‘वेनि क्रेआतोर’ गाणाऱ्यांना पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळते. अर्थात नेहमीच्या अटींवर, म्हणजे पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणं आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना. हे घोषणेत सांगायचं राहून जातं.

ध्वनिक्षेपकाचं पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेरचे भोंगे बंद ठेवावे लागतात. काही ठरावीक रात्रींसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण आपल्या रात्रीला ती आहे असं गृहीत धरू नका. मिस्सा रात्री १०:३० ला असेल तर अंगणातले स्पीकर बंद, आतले चालू, आणि बाहेर बसणाऱ्यांची सोय मंडपाऐवजी सभागृहात. जानेवारीतली इंदूरची थंडी पाहता म्हाताऱ्या माणसांसाठीही तेच बरं. कित्येक धर्मग्रामांना संध्याकाळी ७ ची मिस्सा जास्त मानवते. तसं केलं तर रविवारसाठी अंगात जीव उरतो.

१ जानेवारी हा जागतिक शांतिदिन. पोप पॉल सहावे यांनी तो सुरू केला आणि १९६८ मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला. २०२७ मध्ये हाच महिन्याचा पहिला शुक्रवारही आहे. पवित्र हृदयाची भक्ती करणारे विचारतील की मांस वर्ज्य आहे का. नाही, कारण त्या दिवशी देवमातेचा सोहळा, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा सण, आहे.

गोठा १० तारखेपर्यंत

१ तारखेला गोठा आवरायची घाई करू नका. ज्ञानी लोकांच्या मूर्ती आधीपासून बाळापाशी ठेवू नका. नाताळापासून त्या चर्चच्या मागच्या दाराशी किंवा खिडकीत ठेवा, दर दोन दिवसांनी थोड्या पुढं सरकवा आणि ३ तारखेलाच गोठ्यात आणा. मुलांना हे काम द्या, ती एक दिवसही विसरत नाहीत.

पेंढा दोन आठवड्यांत कोरडा ठणठणीत होतो आणि दिव्यांच्या माळा त्याच्यावर टेकलेल्या असतात. २ तारखेला वरचा थर काढून नवा घाला, माळा पेंढ्यापासून वीतभर वर बांधा आणि रात्री मुख्य बटणच बंद करा. आगीचा धोका खऱ्या ज्योतीइतकाच स्वस्तातल्या माळेच्या ढिल्या जोडाचाही असतो.

ऊद, बोळ आणि बाजारातली गल्लत

मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात भेटी लिहिल्यात: सोनं, ऊद आणि गंधरस. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, जो आजीबाईच्या बटव्यातही असतो. हे मुलांना सांगितलं की गंधरस एकदम परका राहत नाही.

घ्यायला सियागंजाकडे किंवा जडीबुटीच्या कोणत्याही जुन्या दुकानात जा, पण नाव नीट सांगा. नुसतं ‘बोळ’ म्हटलंत तर काळा बोळ हातात पडू शकतो. तो कोरफडीचा सुकवलेला रस असतो, जाळला तर नुसता धूर आणि कडवट वास. हिराबोळ लालसर तपकिरी, खडबडीत खड्यांचा असतो आणि फोडला की आतून किंचित तेलकट चमकतो. उदाचंही तसंच: लोबान म्हणून मिळणाऱ्या मालात राळ मिसळलेली असते. एक खडा निखाऱ्यावर टाकून पाहा. काळा धूर आणि टर्पेंटाइनसारखा वास आला तर तो माल मिस्सेला नको. मध्य भारताच्या जंगलातल्या सालईच्या झाडाचा डिंक हा उदाचाच भाऊबंद, त्याचा धूर पांढरा आणि वास लिंबाकडे झुकणारा असतो. तोच घ्या.

धूपदाणीसाठी प्रमाण: चार भाग ऊद, एक भाग बोळ. बोळ यापेक्षा जास्त झाला तर पुढच्या बाकांवर खोकला सुरू होतो. एका मिस्सेला मिश्रणाचे २५ ग्रॅम पुरतात. कोळशाच्या दोन चकत्या प्रवेशाच्या दहा मिनिटं आधी पेटवा, वर राखेचा करडा थर आला की मगच ऊद टाका. काळ्या चकतीवर टाकलेला ऊद जळत नाही, वितळून चिकटतो, आणि ऐन शुभवर्तमानाच्या वेळी धूपदाणी विझते. तिसरी चकती अर्पणाच्या वेळेसाठी राखून ठेवा.

रविवारची मिस्सा

वाचनं तिन्ही वर्षांना तीच: यशया ६०:१-६, स्तोत्र ७२, इफिसकरांस ३, आणि मत्तय २:१-१२. रंग पांढरा. शनिवार, २ तारखेच्या संध्याकाळच्या मिस्सेलाही हाच सण.

मत्तयानं राजे म्हटलेलं नाही आणि तीन हा आकडाही दिलेला नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, ही नंतरची परंपरा. कास्पर, मेल्किओर आणि बाल्थाझार ही नावंही नंतरचीच. प्रवचनात हे एका वाक्यात सांगावं आणि पुढं जावं, तीन राजांची मिरवणूक त्यामुळे रद्द करायची गरज नाही.

मिरवणुकीतल्या मुलांना सोनेरी पुठ्ठ्याचे मुकुट घालण्यापेक्षा एकाला होळकरी पगडी, एकाला साधा फेटा आणि एकाला आदिवासी साफा बांधा. इंदूरच्या लोकांना हे राजे लगेच आपले वाटतात. एखाद्या मुलाच्या तोंडाला काळं फासून ‘परदेशी राजा’ करण्याची जुनी खोड मात्र सोडा. तारा काठीवर बांधायचा असेल तर काठी दीड मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर पंख्यात अडकते.

भेटी अर्पणाच्या वेळी आणा, प्रवेशाच्या वेळी नाही. सोन्याच्या जागी कोणाचा दागिना मागू नका. वर्षभराच्या गरजू-निधीची पेटी त्या जागी आणली तर अर्थ जास्त नीट पोचतो. याच सणाला मुलांच्या मिशनकार्याची आठवण ठेवतात. फ्रान्समधले बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी ते काम १८४३ मध्ये सुरू केलं, म्हणून मुलांच्या बचतीचे डबेही त्याच ताटात येऊ द्या.

आता खरा गाभा: तारखांची घोषणा. शुभवर्तमानानंतर उपयाजक (डीकन) किंवा गायक वाचनपीठावरून वर्षातले बदलते सण जाहीर करतो. छापील पंचांगं नव्हती तेव्हाची ही पद्धत, मिस्साग्रंथात तिचा मजकूर चालीसकट दिलेला आहे. २०२७ साठी तारखा अशा: राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, ईस्टर २८ मार्च, स्वर्गारोहण ९ मे, पेन्टेकॉस्ट १६ मे, ख्रिस्तशरीराचा सण ३० मे आणि आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबर. इंटरनेटवरून घेतलेल्या याद्यांत स्वर्गारोहण गुरुवारी, ६ मे ला, आणि ख्रिस्तशरीर २७ मे ला दिसेल. भारतात ते दोन्ही रविवारी येतात. एकदा चुकीची तारीख छापली की वर्षभर लोक तीच धरून बसतात, म्हणून कागद छापखान्यात देण्याआधी धर्मप्रांताच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा.

घोषणा गाऊन झाली की तोच मजकूर हिंदी-मराठीत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर द्या. कार्डाच्या मागे धर्मग्रामाच्या आणि आसपासच्या तारखा: १५ जानेवारी, संत आर्नोल्ड यान्सेन, ज्यांच्या दिव्य शब्द संघाचे मिशनरी १९३२ मध्ये इंदूरला आले; १८ ते २५ जानेवारी, ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-आठवडा; २४ जानेवारी, देवशब्दाचा रविवार; २५ फेब्रुवारी, धन्य (संतपदाआधीची पायरी) सिस्टर रानी मारिया, ज्यांची १९९५ मध्ये याच दिवशी इंदूरला येणाऱ्या बसच्या प्रवासात हत्या झाली आणि ज्यांना ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच धन्य घोषित केलं गेलं.

एक तारीख मात्र खास आपल्या शहराची. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२७ मध्ये ती पौर्णिमा २२ मार्चला आहे, आणि तीच होळीची पौर्णिमा. म्हणजे इंदूरची रंगपंचमीची गेर, ती रंगांची मोठी मिरवणूक, पवित्र आठवड्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत येते. राजवाड्याकडचे रस्ते त्या दिवशी बंद असतात आणि रंगात न्हालेल्या गर्दीतून पांढऱ्या कपड्यांत चर्चला पोचणं अवघड. पंचांगातून गेरेची तारीख पक्की करा आणि त्या दिवशीच्या उपासनेची वेळ जानेवारीतच ठरवून कार्डावर छापा.

खडू

मिस्सेच्या शेवटी, आशीर्वादाआधी, फादर खडूंच्या टोपलीवर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतात. अगदी थोडं. भिजलेला खडू पाकिटात चिकटतो आणि घरी पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो, म्हणून पाकिटं मिस्सेनंतर भरा.

दारावर लिहायचं ते असं: २० + क + म + ब + २७. पुढचे-मागचे आकडे मिळून साल, मधली चिन्हं क्रूसाची. अक्षरांचे अर्थ दोन सांगतात. एक म्हणजे ज्ञानी लोकांची नावं. दुसरा, ‘क्रिस्तुस मान्सिओनेम बेनेदिकात’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं, म्हणजे ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’. रोमन लिपीतच लिहायला हवं असा नियम नाही. देवनागरीत कास्पर आणि क्रिस्तुस दोघांचाही ‘क’ येतो, त्यामुळे दोन्ही अर्थ शाबूत राहतात.

बहुतेक जण डावीकडून सुरू करतात आणि ‘ब’ येईपर्यंत चौकट संपते. यात एकूण नऊ चिन्हं आहेत आणि पाचवं ‘म’. चौकटीचा मध्य बोटानं मोजा, तिथं ‘म’ लिहा आणि मग दोन्ही बाजूंना सरका. अक्षराची उंची चार सेंटिमीटर धरली तर सगळं मिळून साधारण ४५ सेंटिमीटर लागतात. अडीच फुटी दारावर ते आरामात बसतं.

खडू न उमटणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. कारण बहुधा पृष्ठभागाचं असतं: ऑइलपेंट, सनमायका, ॲल्युमिनियम आणि पॉलिश केलेला संगमरवर या चारांवर खडू घसरतो. धूळ न उडवणारा कडक खडू तर आणखीच घसरतो, म्हणून साधा मऊ खडू घ्यायचा. चौकट ऑइलपेंटची असेल तर ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या आणि चौकटीऐवजी तिच्या वरच्या भिंतीच्या चुन्यावर लिहा. फ्लॅटमध्ये भिंतही गुळगुळीत असेल तर ५० बाय १० सेंटिमीटरची काळ्या कार्डशीटची पट्टी कापून तिच्यावर लिहा आणि आतल्या बाजूनं चिकटवा. भाड्याच्या घरात हेच करा. घरमालकाशी वर्षाची सुरुवात वादानं नको.

मागच्या वर्षीचं लिखाण नवं लिहायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते पाणी कुंडीत ओतायचं.

घरभेटी: गणित आधी, प्रार्थना नंतर

१२० घरं. प्रार्थनेला बारा मिनिटं, बसणं-बोलणं आठ, पुढच्या घरी पोचणं दहा. म्हणजे घरामागं अर्धा तास. संध्याकाळी ६:३० ते ९ मध्ये पाच घरं. एकट्या फादरांना २४ संध्याकाळी लागतील. ४ जानेवारीपासून राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसापर्यंत ३७ दिवस आहेत. त्यातून पाच रविवार आणि पाच शनिवार वजा केले की २७ उरतात. संक्रांत, २ फेब्रुवारीची मेणबत्त्यांची मिस्सा आणि एखादी बैठक धरली की बरोबर २४. एकदा सर्दी झाली तरी गणित मोडतं. म्हणून दोन गट करा: एक फादरांचा, दुसरा सिस्टर किंवा धर्मग्रामातल्या जाणत्या माणसाचा. आजाऱ्यांची आणि वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला ती घरं फादरांच्या यादीत आधी.

धर्मगुरू नसलेला माणूस प्रार्थना चालवू शकतो, पण फादरांसारखा हात पसरून आशीर्वाद द्यायचा नाही. त्यानं स्वतःवर क्रूसाची खूण करत ‘प्रभू आम्हाला आशीर्वाद देवो’ असं म्हणायचं. पाणी मात्र चर्चमध्ये आधी आशीर्वादित केलेलं न्यायचं.

घरातला क्रम असा ठेवा. घरच्यांनी टीव्ही बंद करून दाराजवळच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि एक मेणबत्ती ठेवावी. सगळ्यांनी दारातच उभं राहून क्रूसाची खूण करावी आणि गटप्रमुखानं ‘या घरास शांती असो’ म्हणून आत यावं. मग घरातल्याच कोणी मत्तय २:९-१२ एवढाच भाग वाचावा, पूर्ण उतारा चर्चमध्ये ऐकून झालेला असतो. त्यानंतर ही प्रार्थना:

‘हे प्रभू, पूर्वेच्या ज्ञानी लोकांना तू ताऱ्याच्या उजेडात बेथलेहेमच्या दारापर्यंत आणलंस. या दारातून जे आत येतील आणि बाहेर जातील त्यांच्याबरोबर वर्षभर राहा. इथं शिजणारं अन्न, चालणारं काम, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांची दुखणी तुझ्या हाती असोत. कामासाठी जे दूर आहेत त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.’

मग घरातल्या सर्वांत धाकट्यानं किंवा सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं लिहावं. धाकट्याला उचलून धरायचं असेल तर ‘म’ त्याला लिहू द्या, बाकीचं मोठ्यांनी पुरं करा. लिहून झालं की पाणी शिंपडत घरभर फिरा: स्वयंपाकघर, आजाऱ्याचं अंथरूण, मुलांचं अभ्यासाचं टेबल. शिंपडायला आंब्याची छोटी डहाळी चालते. कॉम्प्युटर आणि विजेच्या बोर्डापासून हात लांब. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ प्रत्येकानं आपापल्या भाषेत म्हणावं. सून हिंदीत म्हणते, आजी मराठीत, नातू इंग्रजीत, आणि आमेन एकदमच होतं.

धूपदाणी घरोघरी नेऊ नका. थंडीत खिडक्या बंद असतात, कोळशाचा धूर लहान खोलीत कोंडतो आणि दमेकऱ्याला त्रास होतो.

चहाचं काय, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पाच घरी पाच चहा आणि पाच बश्या पोहे झाले की शेवटच्या घरी गट रात्री दहाला पोचतो, तोवर तिथली मुलं झोपलेली. रविवारीच जाहीर करा: फराळ फक्त त्या संध्याकाळच्या शेवटच्या घरी. कोणाचं घर शेवटचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे रुसवेफुगवे टळतात.

याच फेरीत एक काम उरका, जे नंतर कोणालाच आठवत नाही. मागच्या झावळ्यांच्या रविवारच्या वाळक्या झावळ्या क्रूसामागे खोचलेल्या असतात. त्या मागून एका पिशवीत जमवा. १० फेब्रुवारीची राख त्यांचीच करायची असते, आणि ईस्टर लवकर असलेल्या वर्षी ‘झावळ्या आणा’ ही घोषणा करायला फारसे रविवारच उरत नाहीत.

राजाचा केक

युरोपात आणि लॅटिन अमेरिकेत या दिवशी केकमध्ये एक बी किंवा छोटी बाहुली लपवतात. ती ज्याच्या वाट्याला येईल तो राजा. आपल्याकडे शेजारीही खातील म्हणून बिनअंड्याचा करा. मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा. २४० ग्रॅम ताजं दही आणि १७५ ग्रॅम पिठीसाखर फेटा, त्यात ११० मिलिलिटर बिनवासाचं तेल आणि एका संत्र्याची किसलेली साल घाला. कोरडं मिश्रण त्यात हलक्या हातानं मिसळा, जास्त घोटलं तर केक रबरासारखा होतो. २० सेंटिमीटरच्या भांड्यात ओता, एक अख्खा बदाम कडेच्या बाजूला खोचा आणि १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. दही आंबट असेल तर केक मध्ये खचतो, म्हणून ताजंच घ्या. मधोमध बदाम ठेवलात तर तो हमखास सुरीखाली येतो.

पाच वर्षांखालच्या मुलांचा तुकडा आधी चुरून पाहा, अख्खा बदाम घशात अडकू शकतो. बदाम ज्याला मिळेल त्याच्याकडे पुढच्या रविवारच्या मिस्सेनंतरच्या पोह्यांची जबाबदारी. पोह्यांवरचा जिरावण मसाला विसरला तर राजेपद काढून घ्यावं.

१० जानेवारीनंतर

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या संध्याकाळी गोठा उतरवा. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई रंगाला लागते. जुन्या सुती साडीचे तुकडे वापरा आणि खोक्यावर कोणती मूर्ती कशात ते लिहा. माळांमधल्या न पेटणाऱ्या आत्ताच टाकून द्या. पेंढा जाळू नका, गाईगुरं असलेल्या कोणाला तरी द्या.

सोमवारी धर्मग्राम-परिषदेची छोटी बैठक घ्या आणि तीन कागद पुढं ठेवा: घरभेटींची यादी, तारखांचं कार्ड आणि भेटींत कळलेल्या नव्या पत्त्यांची व आजाऱ्यांची नोंद. नोंदवही त्याच रात्री दुरुस्त करा. महिनाभर टाळलं तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा जुन्याच पत्त्यावर, बंद दारापुढं, खडू घेऊन उभं राहायची पाळी येते.